म्हात्रेंचं मीटर

आमच्या नेरूळच्या सोसायटीत फायर अलार्म दुरुस्त करायला म्हात्रे येतात. त्यांचा कोणावरच विश्वास नाही. अलार्मच्या पॅनेलवर नाही, वॉचमनवर नाही, आणि सेक्रेटरी म्हणून माझ्यावर तर अजिबात नाही. "वायर नवीनच आहे हो," असं मी म्हटलं की गळ्यात अडकवलेलं मीटर ते हातात घेतात. "तुमी बोललात, बरं झालं. आता मीटर काय बोलतंय ते बगू." चहात साखर घातलीय असं सांगितलं तरी गृहस्थ आधी चमचाभर चाखून बघतात!

पण कारागीर अस्सल. मागे पॅनेल सारखा फॉल्ट दाखवत होतं. दोन जण येऊन 'सगळं वायरिंग बदला' सांगून गेले होते. म्हात्रेंनी मधल्या मजल्यावर वायर सोडवली, वरचा अर्धा भाग तपासला, खालचा तपासला, मग बिघडलेल्या अर्ध्याचा पुन्हा अर्धा. तासाभरात कोणीतरी वायरीत ठोकलेला खिळा सापडला. मी चाटच पडलो.

गेल्या महिन्यात मात्र सातव्या मजल्यावरचा अलार्म रोज दुपारी चारला बोंबलायला लागला. अख्खी बिल्डिंग जिन्याने खाली, आणि आग कुठेच नाही. पॅनेल दर वेळी एकच घर दाखवायचं, एकट्या राहणाऱ्या जोशी आजींचं. कमिटी भडकली. मीही वैतागलो होतो.

"तो मजलाच बंद करून टाका," मी म्हात्रेंना म्हटलं. "आणि आजींच्या मुलाला कळवतो. तो त्यांना वृद्धाश्रमात ठेवायला टपलेलाच आहे."

"बंद? आनि खरीच आग लागली तर म्हातारीला उचलून तुमी आननार काय?"

त्यांनी आजींच्या हॉलमधला, धूर ओळखणारा डिटेक्टर शेजारच्या घरात लावला, शेजारचा आजींकडे. दुसऱ्या दिवशी चारला पुन्हा आजींच्याच घरातून बोंब! म्हणजे डिटेक्टर चांगला होता, एवढं मलाही कळलं. आम्ही वर धावलो. आजींच्या काठीच्या टोकाला दोऱ्याने उदबत्त्यांचा जुडगा बांधलेला, अजून धुमसत होता. टेबलावर तीन कप मांडलेले.

"आलात? बसा," आजी म्हणाल्या.

हसावं की ओरडावं, मला कळेना. म्हात्रेंनी दोरा सोडला, उदबत्त्या मोरीत विझवल्या, चहा प्यायला आणि रजिस्टरमध्ये लिहिलं, 'डिटेक्टर खराब. बदलला.' हा माणूस, आणि खोटी नोंद! मी मुकाट्याने खाली सही केली. मुलाला फोन केला नाही.

त्यानंतर अलार्म वाजलेला नाही. नेरूळमध्ये कुठेही काम असो, चारला म्हात्रे आजींकडे 'टेस्टिंग'ला हजर. रविवारीसुद्धा. परवा मी लिफ्टपाशी त्यांना गाठलंच.

"रोज कसलं टेस्टिंग हो, म्हात्रे?"

त्यांनी गळ्यातलं मीटर उगाच सरळ केलं.

"माजी आय गावाला, नावड्याला एकटीच व्हती," मग म्हणाले. "मी हितं कामावर. ती गेली, ते मला दुसऱ्या दिवशी कळलं, शेजाऱ्यांचा फोन आला तवा."

लिफ्ट आली. ते आत शिरले आणि सातव्या मजल्याचं बटण दाबलं.