उभ्यानं खाल्लेलं

सुभद्राकाकीला कुणी "बसा" म्हटलं की ती घाबरते. आमच्या तोंडवलीत ती जात नाही असं घर नसेल, पण कुणाकडे ती टेकल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. पडवीच्या खांबाला खांदा लावून उभी राहते, "घाईत आसंय गो" म्हणते, आणि चांगली तासभर त्या घाईत असते.

मी तिची शेजारीण. पर्यटकांना दोन खोल्या आणि घरचं जेवण देते, त्यामुळे माझ्याकडे दिवसभर काहीतरी शिजत असतं आणि काकीचं नाक अजून तिखट आहे. खापरोळ्या घातल्या की ती दारात हजर. एक चव बघायला, दुसरी गूळ बेताचा पडलाय ना ते बघायला आणि तिसरी पाहुण्यांना आवडतील की नाही या काळजीपोटी. तिन्ही गूळ घातलेल्या नारळाच्या रसात गच्च बुडवलेल्या. मग ती पुढच्या घरी काकडीच्या गोड धोंडासाची चौकशी करायला जाते. वाटेत कुठे पूजा असली तर प्रसादाचा शिरा. देवाच्या प्रसादातली साखर अंगाला लागत नाही, हे तिचं वैद्यक आहे.

काकीला मधुमेह आहे, हे आता सांगून टाकते. महिन्याच्या तपासणीला मीच तिला रिक्षाने आरोग्य केंद्रात नेते. तिथे पाय ठेवला की काकी पदर सारखा करते आणि शुद्ध मराठीत शिरते. एका खेपेला घाटावरून आलेल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काल दिवसभरात काय काय खाल्लंत?

"सकाळी कोरा चहा. दुपारी मूठभर भात. रात्री मी जेवतच नाही."

बाई बिचाऱ्या चक्रावल्या. एवढं कमी खाऊन साखर एवढी चढते कशी? काकीच्या पायाला झालेली जखमही भरत नव्हती. त्यांनी गोळ्या वाढवल्या आणि बजावलं, पुढच्या खेपेला साखर उतरली नाही तर इन्सुलिन सुरू करावं लागेल. बाजूच्या स्टुलावर मी खापरोळ्या आठवत बसले होते.

परतताना रिक्षात मी तोंड सोडलं. काकीने माझ्याकडे इतक्या निष्पाप चेहऱ्याने पाहिलं की मलाच वाटलं, आपलं काही चुकलं.

"त्यो उभ्यान खाल्लंय," ती म्हणाली. "उभ्यान खाल्लला जेवाण नाय गो."

ती खोटं बोलत नव्हती. तिच्या हिशेबात ते खाणंच नव्हतं.

पण त्या संध्याकाळी मुंबईहून काकीच्या मुलाचा फोन आला. सुई लागली तर आई, तुला एकटीला तिथे ठेवणार नाही, इकडे घेऊन येणार, असं त्याने सांगितलं. त्याचंही काही चुकत नव्हतं. काकी मात्र दोन दिवस कुणाच्याच पडवीत दिसली नाही. तेव्हा गावाला काळजी वाटली.

मी ठरवलं, हिला एकदा समोर बसवून पोटभर जेवू घालायचं, म्हणजे दारोदार चवी बघत फिरणार नाही. दुपारी भाकरी, बांगड्याची आमटी आणि वालीची भाजी घेऊन गेले. काकी ओट्यापाशी उभी राहून टोपातलीच गार पेज खात होती. भिंतीजवळ दोन पाट समोरासमोर मांडलेले, स्वच्छ पुसलेले. मी म्हटलं, काकी, बसा, वाढते. ती नको म्हणाली. मी हट्टच धरला तेव्हा तिने टोप खाली ठेवला.

"बसलंय काय समोरचो रिकामो पाट दिसता."

काकीच्या नवऱ्याची, भाऊकाकांची, सगळी नोकरी मुंबईत झाली. निवृत्त होऊन आले तेव्हा कुठे नवराबायको समोरासमोर जेवायला बसू लागली. आधी पुरुषांनी जेवायचं हा घरचा रिवाज त्यांनीच मोडला होता. तिने ताट घेतल्याशिवाय ते घास उचलत नसत. ते गेले आणि काकी उभी राहिली ती राहिलीच. मला तिथे रडूच आलं. मी सरळ जाऊन भाऊकाकांच्या पाटावर बसले.

काकीने पेजेचा टोप झाकला. मग म्हणाली, "तो पाट हलता. नीट बस." आणि स्वतःचं ताट घेऊन समोर बसली.

तेव्हापासून रोज दुपारी मी तिच्याकडे जेवते. एक दिवस भाजी तिची, एक दिवस माझी. पोट भरलेलं असतं, त्यामुळे चव बघायला आता एकच खापरोळी लागते. पाहुण्यांना आवडेल की नाही याची काळजी तिने माझ्यावर सोडली आहे.

पुढच्या तपासणीत साखर उतरली होती. फार नाही, पण इन्सुलिन तूर्त टळलं आणि मुंबईही. बाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला. काकीने भाकरी, आमटी, भाजी, ताक सगळं सांगितलं, आणि वर म्हणाली, "उभ्याने एक खापरोळी. तीपण लिहा." बाईंचं पेन थांबलं. हे सगळं आधी का नाही सांगितलंत, त्यांनी विचारलं.

काकी आपली शुद्ध मराठी साफ विसरली.

"आधी जेवाण खंय होता, बाई?"

आणि ती उठली. घाईत होती. या वेळी खरोखरच, कारण आम्हा दोघींचं जेवण व्हायचं होतं.