धोंड्याच्या वाणात लॅपटॉप

इतवारीच्या बाजारात भांडी विकता विकता महादेवरावांचे केस पांढरे झाले होते, आणि त्या केसांवरून हात फिरवत ते कोणालाही सांगत, "वस्तू कोणतीही आना. एक टिचकी मारतो अन् सांगतो, चांगली का वाईट." पितळेचा हंडा असो, स्टीलची कोठी असो, टिचकीने त्यांना कधी दगा दिला नव्हता. मुलगी उन्नती हिच्यासाठी स्थळं पाहताना तेवढी त्यांना टिचकी मारता आली नाही, तरी दुर्गेशसारखा सोन्यासारखा जावई मिळाला, ही देवाची कृपा.

दुकानाखेरीज त्यांना एकच नाद होता, कीर्तनाचा. प्रताप नगरातल्या देवळात मनोहरबुवा उभे राहिले की महादेवराव पहिल्या रांगेत, आणि बुवांच्या आधी त्यांचे डोळे भरून येत. या अधिक महिन्यात बुवांचं कीर्तन आपल्या अंगणात करायचं, हे त्यांनी कित्येक वर्षांपासून मनात धरलं होतं. मांडव, प्रसाद, बुवांची दक्षिणा, सगळी तजवीज झाली होती.

एवढ्यात उन्नतीचा फोन आला. "बाबा, यांचं सकाळ-संध्याकाळ एकच चालू आहे. गेमिंग लॅपटॉप दोन ग्राफिक कार्डांचा घ्यावा का एकाचा. जेवताना पण तेच."

उन्नतीने सहज सांगितलं, पण महिना धोंड्याचा होता. लग्नानंतरचा पहिला धोंडा. या महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण, आणि जावयाने नुसतं आभाळाकडे पाहिलं तरी सासरा विमानाची चौकशी करतो. महादेवरावांनी फोन ठेवला आणि कपाळाला हात लावला. कीर्तन किंवा लॅपटॉप. दोन्ही झेपणारं नव्हतं.

ते त्याच संध्याकाळी कीर्तनाला गेले, कारण कोणताही निर्णय ते कीर्तनातूनच उचलत. बुवा दानावर बोलले. महादेवराव घरी येऊन बायकोला म्हणाले, "जिजा, लॅपटॉप द्यायचा."

दुसऱ्या दिवशी बुवांनी मोहावर निरूपण केलं. महादेवराव म्हणाले, "नाही द्यायचा. जवाईबापूले आपल्या हातानं मोहात ढकलायचं?"

तिसऱ्या दिवशी विषय कन्यादानाचा निघाला आणि लॅपटॉप परत आला.

जिजाबाई भाजी निवडत होत्या. "काल नाही, आज हो. उद्या बुवाले सर्दी झाली तं काय करान?"

शेवटी दोघं लॅपटॉपच्या दुकानातच गेले. रितिका नावाच्या विक्रेत्या मुलीने काळाकभिन्न लॅपटॉप समोर ठेवला. महादेवरावांनी त्याला आडव्या बोटाने टिचकी मारली आणि कान लावला.

"आवाज बोदा आहे."

"काका, हे पितळ नाहीये."

"ते दिसूनच राहिलं. वजन?"

"थोडा जड आहे. गेमिंगचा असतोच. हलका हवा असेल तर तो महाग पडेल."

महादेवरावांनी जन्मभर वजनावर भांडी विकली होती. त्यांनी दुकानाभोवती एकदा नजर फिरवली. "कमी मालाचे जास्त पैसे घेता, अन् लोकं देते?"

"रांगा लावून देतात."

"बरं, हे दोन कार्ड काहून लागते?"

"एक रोजच्या कामाचं," रितिका म्हणाली. "लिहिणं, सिनेमा पाहणं. गेम सुरू झाला की मोठं कार्ड काम हातात घेतं."

महादेवरावांचा चेहरा उजळला. "म्हणजे साधा अभंग टाळकऱ्यांनी म्हणायचा, अन् रंग चढला का बुवांनी उचलायचा."

रितिकाला टाळकरी ठाऊक नव्हते, पण गिऱ्हाईक ठाऊक होतं. "अगदी तसंच, काका."

"सारं खरं," जिजाबाई मध्ये पडल्या, "पण धोंड्याचं वाण जाळीदार लागते. अनारसा आहे, बत्तासा आहे. याले कुठं जाळी आहे?"

रितिकाने लॅपटॉप पालथा केला. पोटभर जाळी. पाठीमागे जाळी, दोन्ही कुशींना जाळी. "गरम हवा निघायला आहे, काकू."

जिजाबाईंनी त्यावरून हळूच बोट फिरवलं. "एवढी तं माह्या अनारशालेही पडत नाही."

आठवडाभर जे कीर्तनांना जमलं नाही, ते जाळीने केलं. घरी जाताना महादेवरावांनी बुवांकडे निरोप धाडला की यंदा कीर्तनाचा योग नाही.

धोंडे जेवणाच्या दिवशी उन्नती आणि दुर्गेश पाटावर बसले. बाहेर मे महिन्याचं ऊन तापलेल्या तव्यासारखं पडलं होतं. जिजाबाईंनी चांदीच्या ताटात तेहतीस अनारसे मांडले, शेजारी लॅपटॉप उघडा ठेवला, आणि मान जाळीचा म्हणून हळद-कुंकू जाळीवरच वाहिलं. अक्षता वाहिल्या. हात सढळ होता.

"जवाईबापू, आता चालू करा," समोर मांडी घालून बसलेले महादेवराव म्हणाले.

दुर्गेश गोंधळला होता. सासऱ्याचा मान ठेवायचा म्हणून त्याने बटण दाबलं. आतले दोन्ही पंखे एकदम घोंगावले आणि पाठीमागच्या जाळीतून लाल-पिवळा झोत निघाला, तो थेट महादेवरावांच्या तोंडावर. कडेच्या जाळीने उन्नतीची पैठणी रंगवली. महादेवराव डोळे मिटून तसेच बसून राहिले; मिशी कुंकवाची, भुवया हळदीच्या. कोणी पाहिलं असतं तर नारायण कोणता आणि सासरा कोणता, हे कळलं नसतं.

लॅपटॉप घोंगावतच होता. जिजाबाईंनी वाकून पाहिलं. "कूलरच आहे हा. याच्यात पाणी कुठून भरायचं?"

दुर्गेशने लॅपटॉप बंद केला. "मामाजी, हे काय आणलं तुमी?"

"तुमच्या मनातलं."

"माझ्या मनातलं मी मागच्याच आठवड्यात घेतलं. एकाच कार्डाचा. पुरते मले."

"बाबा," उन्नती पदर झटकत म्हणाली, "मी तुम्हाले सांगून राहिली होती. मागून नव्हती राहिली."

"धोंड्यात तसा फरक नसते, बाई," जिजाबाई म्हणाल्या.

दुर्गेश भला माणूस. तो म्हणाला, अनारसे सगळे नेतो, लॅपटॉप तेवढा परत करा.

महादेवराव तो घेऊन दुकानात गेले. रितिकाने मोबाईलचा उजेड जाळीत टाकला. पंख्याच्या पात्यात अक्षता अडकल्या होत्या.

"काका, हा परत नाही घेता येणार."

"पोरी, पूजा झाली आहे त्याची. तुमच्या दुकानातल्या दुसऱ्या कोणत्या वस्तूची झाली काय?"

"म्हणूनच," रितिका म्हणाली. तिने कुंचल्याने जमेल तेवढा तो साफ करून दिला.

तिथून महादेवराव सरळ बुवांकडे गेले. लॅपटॉप पिशवीतून मांडीवर, मांडीवरून जमिनीवर ठेवत त्यांनी सगळी कहाणी सांगितली. जावयानं घेतला नाही, दुकानदारानं घेतला नाही, आणि तुमचं कीर्तन तेवढं गेलं.

मनोहरबुवा डोळे मिटून ऐकत होते. ते शांतपणे म्हणाले, "सगळी माया आहे, महादेवराव. किती कार्डांचा?"

"दोन."

बुवांचे डोळे उघडले. त्यांनी लॅपटॉप जवळ ओढला. "आमचं कीर्तन आजकाल चॅनेलवर टाकावं लागतं. जुना लॅपटॉप एक कीर्तन चढवायला अख्खी एकादशी घेतो, अन् आरतीपाशी आला का बंद पडतो. हीच दक्षिणा समजा. मांडव घाला."

महादेवरावांनी मांडव घातला. अधिक महिना संपण्याआधी अंगण माणसांनी भरलं. पुढे दुर्गेश बसला, मागे बायकांत उन्नती. चौरंगावर शाल-नारळासोबत लॅपटॉप ठेवला होता. बुवांनी विषय घेतला वैराग्याचा.

असं कीर्तन प्रताप नगराने ऐकलं नव्हतं. आपलं म्हणावं असं या जगात काय आहे, बुवांनी विचारलं, आणि विचारता विचारता त्यांची नजर चौरंगाकडे गेली. ते थांबले. टाळ थांबले. पुन्हा बोलू लागले तर कंठ दाटलेला. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. दुर्गेशनेही चष्मा काढला. महादेवरावांना तर हुंदका आवरेना. आपल्या अंगणात, आपल्या डोळ्यांदेखत बुवांना भाव आला, जन्माचं सार्थक झालं.

आरती झाल्यावर त्यांनी बुवांच्या पायांवर डोकं ठेवलं. बुवांनी त्यांना दोन्ही हातांनी उठवलं, छातीशी धरलं, आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन हळूच म्हणाले,

"मघापासून पाहून राहिलो. याचा चार्जर नाही दिसला."

महादेवराव डोळे पुसत पुसत चार्जर शोधायला घरात गेले.