ओलं पोतं बांधलेली जीप

"आज गडावर गाडी उकयली, त उद्या ते पुंजाजीभाऊच्या दारात उभी दिसली पाह्यजे. मंग माह्याशी बोलाचं काम नाही," देवीच्या नैवेद्याच्या रोडग्यांच्या कणकेची परात जीपमध्ये सरकवता सरकवता मनकर्णाबाईंनी निकाल देऊन टाकला.

त्यांचा नवरा इंद्रभान स्टिअरिंगवर बसून ऐकत होता. शेलूबाजारच्या या वांगी-टमाटे पिकवणाऱ्या माणसाचा जीव त्या जुन्या टर्बो डिझेल जीपमध्ये अडकला होता. चारही चाकं ओढणारी ही जीप कसल्याही चिखलातून बाहेर निघायची. फक्त देवीच्या गडाचा घाट लागला की तिचं डोकं तापायचं. मागच्या वेळी तर ती अर्ध्या घाटात वाफा सोडत बसली, आणि मनकर्णाबाईंना परात डोक्यावर घेऊन वरपर्यंत चालत जावं लागलं. वर जमलेल्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. ते हसणं मनकर्णाबाई विसरल्या नव्हत्या.

मागच्या सीटवर गिऱ्हाईकच बसलं होतं. अनसिंगचे बकऱ्यांचे व्यापारी पुंजाजी, म्हणजे इंद्रभानचे साडू. शेजारी त्यांची बायको प्रयागबाई, मनकर्णाबाईंची धाकटी बहीण. पुंजाजींनी जीपमध्ये बकऱ्या किती मावतील याचा अंदाज बसल्या बसल्या घेतला होता.

"साडभाऊ, सीटा काढल्या का मंग जागाच जागा हाय," ते म्हणाले.

इंद्रभानने किल्ली फिरवली. त्याने आदल्या दिवशीच मंगरूळपीरच्या भाऊसिंग मिस्त्रीला फोन करून घाटाचं सगळं विचारून ठेवलं होतं. भाऊसिंगने सांगितलं होतं, "एसी बंद ठेवा. खालच्या गेअरात चढवा, दाबू नका. एवढं करून काटा वर गेलाच, त हिटर फुल करा. इंजिनची गरमी आत येते, इंजिन वाचते. अन् वर पोचल्यावर लगेच बंद नोका करू. टर्बोले दम खाऊ द्या."

यातलं सगळं इंद्रभान अक्षरशः करणार होता. पण त्याला वाटलं, एवढ्यावर कसं भागेल? घरी उन्हाळ्यात माठाला ओलं पोतं गुंडाळलं की पाणी कसं गारेगार राहतं! मग रेडिएटरमध्ये तरी काय आहे? पाणीच. घाटाच्या पायथ्याशी त्याने गाडी थांबवली, एक गोणपाट नाल्यात बुचकळलं आणि जीपच्या तोंडावर सुतळीने आवळून बांधलं.

"हे काय?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

"माठाचं शास्तर," इंद्रभान म्हणाला.

घाट सुरू झाला. सोयाबीन काढणीचे दिवस, रस्त्याच्या कडेला मळणीयंत्रं धडधडत होती आणि कुटार, म्हणजे मळणीचा भुसा, धुरासारखं उडत होतं. अंगाला लागलं की नुसती खाज. प्रयागबाईंनी सगळ्या काचा वर करायला लावल्या. बाहेर ते कुटार ओल्या पोत्याला चिकटत गेलं आणि पहिल्या दोन वळणांतच जीपच्या तोंडाला सारवल्यासारखा थर बसला. आत वारा जायला चिमूटभर जागा उरली नाही. आतल्या कोणालाच याचा पत्ता नव्हता. दिसत होता तो फक्त तापमानाचा काटा.

"चढून राह्यला," पुंजाजी आनंदाने म्हणाले. ते दोन्ही सीटांच्या मधून मान घालून काट्यावर नजर ठेवून होते.

"थांबा लागते का?" प्रयागबाईंनी विचारलं.

"थांबली म्हंजे उकयली," मनकर्णाबाई म्हणाल्या. "बोली ते बोली."

इंद्रभानने दात आवळले आणि हिटर फुल केला.

ऑक्टोबरचं ऊन, बंद काचा आणि वरून इंजिनाची धग. पुंजाजींनी आधी टोपी काढली, मग कोट काढला, मग सदऱ्याची बटणं काढली. त्यापुढे मात्र प्रयागबाईंनी डोळे वटारले म्हणून ते थांबले.

"भाऊजी, परातीतली कनिक फुगून राह्यली," प्रयागबाई म्हणाल्या.

"साडभाऊ, काच उघडा, मी मरून राह्यलो!"

"कुटार येते नं."

"येऊ द्या! खाजवत जगीन!"

"काटा पाहा, पुंजाजीभाऊ," इंद्रभान घामाने आंधळा होत म्हणाला. "थांबला का नाही?"

काटा खरोखरच लाल पट्ट्याच्या अलीकडे थबकला होता. पुंजाजी मागे कोसळले. गाडी गुरगुरत, दम टिकवत, वळणामागून वळण घेत वर निघाली. मनकर्णाबाई नुसत्या लाल होत चालल्या होत्या.

गडावर देवळासमोर बायांनी रोडग्यांसाठी गोवऱ्या पेटवल्या होत्या. जीप येऊन उभी राहिली. भाऊसिंगच्या सांगण्याप्रमाणे इंद्रभानने इंजिन चालू ठेवलं. समोरच्या ओल्या पोत्यातून पांढऱ्या वाफेचे लोट निघाले आणि त्या लोटात गाडीचं दार उघडून मनकर्णाबाई उतरल्या. अंबाडा सुटून केस पाठीवर आलेले, कुंकू ओघळून नाकापर्यंत गेलेलं, डोळे तारवटलेले. गडावरचा गार वारा अंगाला लागताच त्या नखशिखांत थरथरल्या आणि त्यांच्या तोंडून "हूंऽऽऽ" असा आवाज निघाला.

"आली!" चंदा नावाची एक बाई ओरडली. "माय अंगात आली!"

बघता बघता गर्दी झाली. कोणी हळद लावली, कोणी ओटी भरली. मागच्या वेळी पदराआड हसलेल्या बायाच सर्वांत आधी पाया पडल्या. चंदाने हात जोडले.

"माय, माह्या पोराचं लगन कवा जमते?"

"आंधी मले पानी द्या!" मनकर्णाबाई किंचाळल्या.

देवीने पाणी मागितलं म्हणताच तांब्यांची रांग लागली. मनकर्णाबाई घटाघटा प्यायल्या आणि मग त्यांनी शांतपणे आजूबाजूला पाहिलं. जन्मभर त्यांना कोणी वरणात मीठ किती टाकावं एवढंही विचारलं नव्हतं. इथे बाया लग्नं, नोकऱ्या, सुनांची भांडणं घेऊन रांगेत बसत होत्या. त्यांना ते फार, फारच आवडलं.

"दिवाळीनंतर जमते," त्या चंदाला म्हणाल्या.

इकडे पुंजाजी जीपच्या सावलीत उताणे पडले होते. "वाफ निघाली. उकयली गाडी," ते पुटपुटले.

"ते पोत्याची वाफ हाय. काटा पाहा," इंद्रभानने ठणकावलं. त्याने सुतळी सोडून पोतं खाली ओढलं. कुटाराचा जाड पापुद्रा धपकन पडला, वारा आत शिरला आणि काटा आपसूक खाली सरकला. आपल्या माठाच्या शास्त्रानेच गाडी तापवली, हे इंद्रभानला एकदम कळलं आणि त्याने ते कोणालाही सांगितलं नाही. गाडी वाचली, हेच पुष्कळ झालं.

पण जेवणं होईपर्यंत त्याच्या कानावर भलतंच आलं. मनकर्णाबाईंनी दर मंगळवारी गडावर यायचं कबूल केलं होतं. याच गाडीतून. आणि अशाच घामाघूम होऊन.

तो धावत पुंजाजींकडे गेला. "साडभाऊ, घेऊन टाका गाडी. आजच न्या."

"फुकट देली तरी नोको," पुंजाजी म्हणाले. "बकऱ्याबी मरतीन तिच्यात."

"अन् विकाची गोठ काढून कोन राह्यलं?" मागून मनकर्णाबाई आल्या. कपाळभर मळवट आणि गळ्यात हार होता. "बोली ते बोली. उकयली नाही, म्हंजे गाडी घरची."

त्या पुढच्या सीटवर बसल्या. वाटेत पाया पडायला मिळावं म्हणून मागे चंदा आणि तिच्या जावा दाटीवाटीने कोंबून बसल्या. प्रयागबाई आणि पुंजाजी तेवढ्यात पायीच निघाले होते. इंद्रभानने गाडी सुरू केली.

"काचा लावा," मनकर्णाबाई म्हणाल्या. "अन् ते गरम हवा सुरू करा."

"अवं, आता उतार हाय. उतारावर गाडी तापत नाही."

"गाडीचं कोन इचारून राह्यलं?"