अंगठीचं सुवर्णजल

तरुण व्हायचं मी एका शुक्रवारी ठरवलं. वेल्ह्यातल्या एका सरकारी कचेरीत मी आवक-जावक बघतो. त्या दिवशी टेबलासमोर उभ्या असलेल्या माणसाने मला विचारलं, "बाबा, सही कुठं करू?" माणूस साठीच्या पुढचा होता. मी अठ्ठेचाळीस. (आणि सही त्याने अगदी बरोबर जागी केली, म्हणजे नजर अधू असेल या आशेलाही जागा उरली नाही.)

घरी येऊन मोबाईल उघडला तर एक दाढीवाले गृहस्थ समोर हजर. पूर्वीचे किमयागार म्हणे सोनं पाण्यात विरघळवून प्यायचे आणि नव्वदीत डोंगर चढायचे. आता भट्टी नको, जडीबुटी नको. काचेचा ग्लास, मिठाचं पाणी आणि चार्जरची वायर. वायरीच्या एका टोकाला सोनं बांधायचं, दुसऱ्या टोकाला स्टीलचा चमचा. दोन्ही पाण्यात सोडून चार्जर लावला की सोनं आपोआप पाण्यात उतरतं. रोज एक चमचा घ्या, केस मुळापासून काळे! मी तो व्हिडिओ सात वेळा पाहिला. शेवटच्या दोन वेळा वही घेऊन.

प्रश्न सोन्याचा होता. माझ्या ताब्यातलं सोनं एकच, बोटातली अंगठी. लग्नात सासूबाईंनी घातलेली. सासूबाई, म्हणजे पासलीच्या पारूबाई. एकटीने भातशेती करून त्यांनी तीन मुली उजवल्या. धाकटी सारिका माझी बायको. मी त्यांना मामी म्हणतो. मामी कमी बोलतात आणि मला त्यांचा धाक वाटतो. पण मी काही अंगठी पूर्ण विरघळवणार नव्हतो. वरवरचा एखादा कण उतरला तरी डोक्याच्या पुढच्या भागापुरतं भागलं असतं.

रविवारी सकाळी सारिका आईला आणायला एसटी स्टँडवर गेली. मामी चार दिवस राहायला येणार होत्या. मला तासभर मिळाला. त्यातली वीस मिनिटं अंगठी बोटातून काढण्यात गेली. पाणी, साबण, खोबरेल तेल, शेवटी दात. (दर दिवाळीला पॉलिशला न्यायची असते तेव्हा ती सारिकाच काढते.) अंगठीखालची कातडी हिरवट दिसली. घाम असेल म्हटलं.

मग जुन्या चार्जरची वायर कापली. (तो जुना नव्हता आणि माझाही नव्हता, हे नंतर कळलं.) मीठ ढवळलं, अंगठी बांधली, चमचा सोडला, बटण दाबलं.

फसफस सुरू झाली! चमच्याभोवती बारीक बुडबुडे आले. वासही आला, ग्रामपंचायत टाकीत पावडर टाकते ना, तसा. मी खिडक्या उघडून बाजूला उभा राहिलो. आणि दहा मिनिटांत पाणी पिवळं झालं! अंगठीपासून पिवळसर धूर खाली उतरावा तसं काहीतरी उतरत होतं. मी फोटो काढला आणि खाली लिहिलं, 'सुवर्णजल सिद्ध होत आहे. कोणाला सांगू नये.' पाठवायचा होता फक्त मानसिंगला, गेला ऑफिसच्या ग्रुपवर.

मानसिंग माझ्याच कचेरीत आहे आणि दोन घरं सोडून राहतो. पाच मिनिटांत तो दोन लिटरची रिकामी बाटली घेऊन दारात.

"एवढी?" मी म्हणालो.

"घरात आम्ही सहा जण हाय," तो म्हणाला. मग ग्लासाकडे वाकून पाहत राहिला. "धम्मदीपराव, सोनं हिरवं बी असतं का?"

मी वळून पाहिलं. पिवळं पाणी हिरवट गढूळ झालं होतं. तळाशी निळसर साका. मी घाईने बटण बंद करून अंगठी बाहेर काढली, फडक्याने पुसली. हातात आली ती तांब्याची तार. लालभडक, खड्डे पडलेली, निम्म्याने बारीक.

"ह्ये तांबं हाय," मानसिंग हळूच म्हणाला आणि बाटलीचं झाकण लावलं.

सोन्याचा मुलामा! एकोणीस वर्षं मी तांबं घालून हिंडलो! आणि आधी वाटलं ते दुःख नव्हतं बरं का. वाटलं, आता माझी बाजू वरची आहे. मामींसमोर प्रथमच. मी मनात भाषण तयार केलं. रागवायचं नाही. मोठ्या मनाने माफ करायचं.

तेवढ्यात दार वाजलं. पुढे मामी, डोक्यावर तांदळाचं गाठोडं; मागे सारिका, हातात कोंबडीची पिशवी.

"कसला वास ह्यो?" मामींनी विचारलं.

"मामी, बसा," मी भारदस्त आवाजात म्हणालो. "सोनाराने तुम्हाला फसवलं. तुम्ही घातलेली अंगठी तांब्याची निघाली. पण माझ्या मनात काही नाही."

मामींनी गाठोडं उतरवलं. तार हातात घेतली, दोन्ही बाजूंनी पाहिली. त्यांचा चेहरा उतरला.

"तांब्याची? आवं पाव्हणं, माज्या कानातली फुलं मोडून क्येली व्हती ती. सोनारापुढं बसून वितळवून घेतली म्या. लेकीच्या लग्नात बोडक्या कानानं हिंडले. बाया इचारायच्या, कुठं गेली फुलं? म्या म्हनायचे, कान दुखत्यात."

त्या पदर तोंडाला लावून भिंतीला टेकून बसल्या. मला माझं मोठं मन कुठे ठेवावं कळेना. मानसिंग बाटली मागे लपवून जमिनीकडे पाहू लागला.

"आई, अंगठी खरीच होती," सारिका म्हणाली. "मीच बदलली."

"काय?" हे मी आणि मामी एकदमच.

"मग काय करणार?" ती माझ्याकडे वळली. "लग्नानंतर सहा महिन्यांत तुम्ही तीन छत्र्या हरवल्या, दोन डबे, एक सायकल. आणि मला स्वतःला भोरच्या स्टँडवर विसरून घरी आलात. जेवायला बसल्यावर आठवण झाली! तुमच्या बोटात माझ्या आईचं सोनं किती दिवस टिकलं असतं? मी भोरला जाऊन तसलीच मुलाम्याची करून आणली. दर दिवाळीला पॉलिशला नेते म्हणजे काय करते वाटलं तुम्हाला? मुलामा चढवून आणते."

"आणि खरी?"

सारिकाने आईच्या कानांकडे बोट दाखवलं. मामींच्या दोन्ही कानांत सोन्याची फुलं होती.

मामींचा हात आपोआप कानाकडे गेला. "ही? ही तर जावयानं क्येली म्हनालीस तू! वर म्हनालीस, त्यास्नी बोलून दाखवू नगं, लाजत्यात."

"मी केली म्हटलं असतं तर घेतली असतीस?"

मामींनी सारिकाकडे पाहिलं. डोळे पुसले. मग त्यांची नजर हळूहळू माझ्यावर आली.

"म्हंजी माजंच सोनं माज्याच कानात," त्या म्हणाल्या. "आन् म्या साऱ्या पासलीला सांगत सुटले, जावई लई दिलदार, सासूला सोनं घातलं. सतरा वर्सं दर खेपंला एक कोंबडं कापलं ह्यांच्यासाटी!"

आणि त्या हसायला लागल्या. आधी खोकल्यासारखं, मग पोट धरून. सारिका हसली. मानसिंग तर बाटलीवर डोकं टेकून हसला. मी हसलो नाही, कारण मी मनातल्या मनात सतरा वर्षांची कोंबडी मोजत होतो. (मला वाटायचं, त्यांना माझा स्वभाव आवडतो.)

ग्लासातलं पाणी सारिकाने नाक दाबून लांब नेऊन ओतलं. ती वाकडी तार मात्र मामींनी टाकू दिली नाही.

"तांबं हाय न्हवं? द्या हिकडं. माजं बोट लई आखडतंय. वाताला बरं असतं तांबं." आणि वाकवून, दाबून, त्यांनी ती करंगळीत घातली.

चार दिवसांनी मामी पासलीला गेल्या. पुढच्या रविवारी त्यांचा फोन आला, तोही खास माझ्यासाठी. एकोणीस वर्षांत प्रथमच.

"पाव्हणं, गुण आला बगा. बोट मोकळं झालं. सोन्यानं कधी येवडा गुण दिला न्हाई. आता डाव्या हाताला बी एक पायजेल. तुमच्या त्या ग्लासात आजून एक करून द्या की."

मला भरून आलं. सासूबाईंनी माझ्याकडे काहीतरी मागितलं होतं!

"देतो की मामी," मी म्हणालो, "लगेच करतो."

शेजारी सारिका भाजी निवडत बसली होती. तिने गळ्यातलं चाचपून पाहिलं, आणि उठून सगळे चार्जर कपाटात ठेवून कुलूप लावलं.