किती उरल्या?

आमच्या शेजारी एकटे राहणारे चौधरी अप्पा भेटल्यावर माणसाला 'कसे आहात' असं विचारत नाहीत. ते विचारतात, "किती उरल्या?" म्हणजे गोळ्या.

अप्पा सरकारी दवाखान्यातून कंपाउंडर म्हणून रिटायर झाले, पण ते फक्त कागदावर. शनवारा भागातल्या आमच्या गल्लीत कोणाच्या हातात औषधाची पुडी दिसली की त्यांची चौकशी सुरू होते. गेल्या वर्षी माझा घसा धरला. डॉक्टरांनी पाच दिवस सेफिक्झिम हे अँटिबायोटिक लिहून दिलं. तिसऱ्या दिवशी मला बरं वाटलं आणि मी गोळ्या बंद केल्या. अप्पा दारात हजर.

"बंद का केल्या?"

"आराम पडला, अप्पा."

"बरं वाटणं वेगळं, बरं होणं वेगळं. कोर्स पूरा करा, भाऊ."

आधीच ऑफिसातून थकून आलेला मी, वाद घालायचं त्राण नव्हतं. त्यांच्यासमोर गोळी गिळली. उरलेल्या पुढच्या वेळी कामाला येतील म्हणून ठेवायच्या, किंवा शेजाऱ्याच्या पोराला द्यायच्या, याचीही त्यांना भारी चीड. साध्या सर्दीला कोणी ती गोळी मागितली तर मेडिकलवाल्याशीही भांडायचे. खरं सांगतो, कधी कधी अप्पांचा आवाज आला की मी रेडिओ बंद करून घरात नसल्यासारखा बसायचो.

या उन्हाळ्यात माझी बायको सुमती तापाने आडवी झाली. डॉक्टरांकडे मरणाची गर्दी होती. त्यांनी तीच गोळी लिहिली, आम्ही घेऊन आलो. दुपारी तिने पहिली गोळी घेतली. अर्ध्या तासात मानेवर गांधी उठल्या. मला वाटलं, घामोळं असेल.

तेवढ्यात अप्पा आले. तिच्याकडे पाहिलं आणि त्यांचा आवाजच बदलला.

"सुमतीबाई, पेनिसिलिन कधी बाधलं होतं का?"

"लहानपणी. माहेरी बहादरपूरला इंजेक्शन दिलं होतं, तोंड सुजलं होतं."

"डॉक्टरांना सांगितलं? ही गोळी त्याच्याच नात्यातली आहे."

गर्दीत डॉक्टरांनी विचारलं असेल-नसेल, आम्ही सांगितलं नव्हतं. तिचे ओठ फुगायला लागले होते, धाप लागत होती.

"उठा," अप्पा म्हणाले. "रिक्शा मी आणतो."

सत्तरीतला तो माणूस भर उन्हात चौकापर्यंत अनवाणी पळत गेला. दवाखान्यात ताबडतोब इंजेक्शन दिलं. डॉक्टर म्हणाले, "अजून उशीर झाला असता तर कठीण होतं. यापुढे कुठेही जा, ही ॲलर्जी आधी सांगा." काही तास तिला नजरेखाली ठेवून संध्याकाळी सोडलं.

घरी आलो. आता अप्पा भाषण देणार, म्हणून मी मनाची तयारी करून बसलो. पण अप्पा नुसते खुर्चीत बसले, मी केलेल्या चहाचा कप हातात घेतला.

"फार घाबरलो, भाऊ," ते म्हणाले. मग कप तसाच धरून, "आज बुधवार ना? मुलाचा फोन रविवारीच येतो."

मी पंख्याचा वेग वाढवला. बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागला.

सुमतीने हळूच त्यांच्या हातातला कप काढून घेतला. मी म्हटलं, तू पड, मी खिचडी लावतो.

"लाव," ती कुजबुजली. "तिघांची लाव."