निमआराम कोंबडी

आमच्या शेजारचे मायाप्पा कोंबडीला खुराड्यातून सोडतात ते डबल बेल देऊन. मी थट्टा करत नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीपासून खुराड्यापर्यंत त्यांनी एक दोरी ओढून घेतलीय आणि दोरीच्या टोकाला भंगारातून आणलेली गाडीची घंटा टांगलीय. सकाळी चहा झाला की दोरी ओढायची, टिंग टिंग, म्हणजे गाडी सुटली, मग परसात जाऊन दार उघडायचं. संध्याकाळी कोंबडी आत गेली की एकच टिंग. म्हणजे गाडी थांबली.

आप्पांचा सगळा जन्म लाल गाडीवर कंडक्टर म्हणून गेला. लग्न केलं नाही. का केलं नाही विचारलं तर म्हणतात, "ड्युटी लागली व्हती." रिटायर होऊन ते आमच्या गल्लीत राहायला आले, पण गाडीतून उतरले नाहीत. नळाला पाणी आलं की बायकांना म्हणणार, "पुढं सरका, मागं जागा द्या." त्यांच्या घरी कुणी बसायला गेलं तर आधी विचारणार, "कुटपर्यंत?" म्हणजे किती वेळ बसणार. माझा नवरा असताना एकदा चिडून म्हणाला होता, अक्कलकोटपर्यंत. आप्पांनी त्याला खरोखर तेवढा वेळ बसवून घेतलं आणि चहा दोनदा पाजला.

मी त्यांची भिंतीला भिंत लागून शेजारीण. कडक भाकऱ्या आणि शेंगा चटणी करून विकते. माझी जीभ माझ्या चटणीपेक्षा तिखट आहे असं गल्ली म्हणते, म्हणू दे. परसात माझ्या भाकऱ्या वाळत पडलेल्या असतात आणि त्या कोंबडीनं त्यातल्या किती खाल्ल्या ते तिलाच माहीत. तिचं नाव निमा. मला वाटलं कुणा बाईचं ठेवलंय. तसं काही नव्हतं. "निमआराम हाय ती," आप्पा म्हणाले. "थोडं चालती, थोडं बसती. नावातबी आराम, अंगातबी आराम."

तर ही निमा उन्हाळ्यात फुगायला लागली. आधी मला वाटलं माझ्या भाकऱ्या अंगी लागल्या. पण छाती हाडकलेली आणि खालचं पोट तेवढं तट्ट फुगलेलं. पोटावरची पिसं गळून कातडी लालभडक झाली. पाय फाकवून ती अशी चालायची, जशी नववा महिना लागलेली बाई नळावर यावी. चार पावलं टाकली की चोच उघडून धापा टाकायची. हात लावला तर आत पाणी डुचमळायचं.

गल्लीच्या ग्रुपवर लगेच चर्चा. समोरच्या मास्तरांनी लिहिलं, रोगी कोंबडी वस्तीत ठेवणं बरोबर नाही. कुणी लिहिलं, आजच कापा, उद्या उपयोग नाही. मीही भिंतीवरून म्हटलंच, "आप्पा, हाल कशाला करायलाय तिचे? सोडवा की बिचारीला."

आप्पांनी उत्तर ग्रुपवर दिलं नाही. गल्लीच्या मधोमध उभे राहिले, कोंबडी काखेत, आणि गाडीत शेवटच्या सीटपर्यंत जावा असा आवाज काढला. "मी उभ्या जन्मात प्याशिंजर मधीच उतरवला न्हाय. दारू पिलेला उतरवला न्हाय, वांती करनारा उतरवला न्हाय. हिचं तिकीट जितवर हाय तितवर मी हिला नेनार. कुनाला वास येत आसंल त्यानं खिडकी लावून घ्यावी." मास्तरांनी खिडकी खरंच लावून घेतली.

मग आप्पा परसात आले आणि मला हळू आवाजात म्हणाले, "आन कापू कशी? माजी हाय का ती? आक्काची हाय."

इथं थोडं सांगावं लागेल. आमच्या भागात कोंबडी वाट्यानं देतात. कोंबडी एकीची, सांभाळणार दुसरा. पिल्लं निघाली की निम्मी मालकिणीची, निम्मी सांभाळणाऱ्याची. पण मूळ कोंबडी कायम मालकिणीचीच. सांभाळणाऱ्यानं ती कापायची नाही, विकायची नाही. आणि कोंबडी संपली की वाटा संपला, कुणी कुणाच्या दारात यायचं कारण उरत नाही.

आक्का म्हणजे आप्पांची मोठी बहीण सत्यव्वा, मंद्रूपला असते. धनगराचं घर. बापामागं राहिलेली मेंढरं आक्कानं राखली, आणि आप्पांनी एक दिवस तिला न विचारता ती विकून टाकली. का विकली, कुणाचं चुकलं, यात मी पडत नाही. मेंढरं गेली त्या दिवसापासून आक्का भावाशी बोलायची थांबली, ती कित्येक वर्षं. मग एका बाजारच्या दिवशी ती आमच्या मागच्या बोळात उभी. काखेत काळी तलंग, अजून अंड्यावर न आलेली. तीच ही निमा. "वाट्यानं ठिवायची हाय. ठिवतोस का दुसरीकडं बगू?" एवढंच बोलली. आप्पांनी दोन्ही हात पुढं केले.

तेव्हापासून आक्का वाटा न्यायला यायची. मागच्या दारानंच यायची. घरात पाऊल टाकायची नाही, पाणी प्यायची नाही. माझ्या भिंतीलगतच्या दगडावर बसून पिल्लं उलटीपालटी करून बघायची, टोपलीत भरायची आणि जायची. तेवढ्या वेळात आप्पा तीन वेळा सदरा बदलायचे. आणि ती गेली की उरलेला दिवस कुणाशी भांडायचे नाहीत. यावरून मला जे कळायचं ते कळत होतं.

आता निमा फुगली, म्हणजे अंडी बंद, खुडूक बसणं बंद, पिल्लं बंद. आणि आक्का यायची वेळ झालेली. मी भिंतीवरून बघते तर आप्पा बादलीत काहीतरी धुतायत. नीट बघितलं तर गुलाबी पिल्लं. बाजारात रंग देऊन विकतात ना, पोरांना खेळायला, ती. आप्पांनी ती आणून अंगाच्या साबणानं घासायला घेतलेली.

"आप्पा, काय हे?"

"दुसरा रंग नव्हता वो. हिरवी व्हती, ती लईच दिसत व्हती."

पिल्लं थंडीनं लटपटायला लागली तेव्हा आप्पांचं तोंडच उतरलं. मग काय, माझ्या चुलीपुढं सुपात फडकं घालून मीच ती वाळवली. त्या दिवशी माझ्या भाकऱ्या करपल्या. पिल्लं वाळून पिवळट पांढरी झाली, एकदोघांच्या अंगावर फिकट गुलाबी झाक राहिली. काळ्याभोर कोंबडीची पिल्लं म्हणून आप्पांनी ती आक्काच्या पुढं केली. आक्कानं एकेक उचलून बघितलं. "बरी हाईत," आक्का म्हणाली, टोपलीत भरली आणि गेली. मी मनात म्हटलं, म्हातारीची नजर गेली वाटतं.

जनावरांच्या दवाखान्यात निमाला न्यायचं ठरलं तेव्हा मीही गेले. का गेले विचारू नका, टोपली धरायला कुणीतरी हवं होतं. तिथं म्हशी, शेळ्या, एक बैल, आणि आम्ही. नाव लिहिणाऱ्यानं विचारलं, कोंबड्या किती? आप्पा म्हणाले, एक. त्यानं मान वर करून विचारलं, एकच? "एकच. एक फुल," आप्पा म्हणाले, "तुमाला हाफ लावायचं आसंल तर लावा, पर तपासा पुरं."

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, मन लावून बघणाऱ्या. म्हणाल्या, पोटात पाणी झालंय, जलोदर म्हणतात तसं. हृदय नाहीतर लिव्हर थकलं असेल. पाणी काढलं तर मोकळा श्वास घेईल, पण परत भरेल. दुखणं बरं होणार नाही, तिला जरा सुख लागेल एवढंच. आप्पा म्हणाले, "सुकच द्या."

मी निमाला धरलं. बाईंनी पोटाच्या खालच्या अंगाला सुई घातली आणि पिवळसर पाणी सावकाश ओढायला लागल्या. एकदम सगळं काढलं तर जीव जाईल म्हणून थांबत थांबत. ज्या माणसानं भर गाडीत मारामाऱ्या सोडवल्या तो भिंतीकडं तोंड करून उभा होता आणि पुटपुटत होता, "पुढं सरका, पुढं सरका, आलंच, आलंच." कुणाला सांगत होता कोण जाणे. घरी आल्यावर निमा स्वतःच्या पायानं माझ्या चटणीपर्यंत गेली. डॉक्टरीणबाईंनी तिला मीठ बंद केलं होतं, म्हणून आप्पांनी चटणीचं ताट उचललं. माझं ताट, मला न विचारता.

पाणी परत भरलं. परत काढलं. पावसाळा लागला तरी निमा होती. डॉक्टरीणबाईंनाही नवल वाटलं. गल्लीत मास्तर विचारायचे, "आहे का अजून?" आप्पा म्हणायचे, "हाय. ष्टाप आला न्हाय."

आणि एक दिवस आक्का न कळवता आली. तिचा पदर बोळात दिसला तशी आप्पांनी निमावर डालगं उपडं घातलं आणि त्यावर स्वतः बसले.

"कोंबडी कुटं हाय?"

"चराय गेलीया."

डालग्यातून आवाज आला. आक्कानं भावाकडं बघितलं. तो उठला. तिनं निमाला मांडीवर घेतलं, पोटाखाली हात घातला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"पानी झालंय."

"काडलं व्हतं. भरतंय परत."

"कवापासनं?"

आप्पा डालगं उचलून भिंतीला लावायला लागले. ती म्हणाली, "मग कापली का न्हाईस?"

"तुजी हाय की," आप्पा म्हणाले. एवढं म्हणताना त्यांचा आवाज पार शेवटच्या सीटवर जाऊन बसला.

आक्का निमाच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "तू दिलेली पिल्लं. समदं कोंबडंच निगालं. पांडरं फेक. एकाची बगल आजून गुलाबी हाय."

मी भाकरी थापायची थांबले.

"तुला तवाच कळलं व्हतं?"

"मी काय आंधळी हाय व्हय? साबनाचा वास येत व्हता."

"मग बोलली का न्हाईस?"

आक्कानं निमाला अलगद खाली ठेवलं. "बोलले आसते तर वाटा मिटला आसता की," ती म्हणाली, आणि टोपली उचलून बोळातून निघून गेली. त्या दिवशीही पाणी प्यायली नाही. तिला पाठमोरी जाताना बघून मला माझ्या मनाची लाज वाटली. म्हातारीची नजर कुठंही गेली नव्हती.

निमा पुढं थोडेच दिवस होती. एका सकाळी डबल बेल झाली आणि खुराड्यातून कुणी आलं नाही. आप्पांनी तिला परसातल्या लिंबाखाली पुरलं. मी भिंतीवरून काही बोलले नाही, पहिल्यांदाच. माती सारखी करून ते म्हणाले, "उतरली. तिच्या ष्टापला उतरली. मी मधी उतरवलं न्हाय." मग घंटेची दोरी गुंडाळून खिळ्याला लावली. मास्तरांना, मला, कुणालाच ते काही दिवस पुढं सरका म्हणाले नाहीत. आक्काला कळवलं का विचारलं तर म्हणाले, "कळवलं. आता ती कशाला येती."

पुढच्या बाजाराला मागच्या बोळात आक्का उभी. मी आधी तिच्या काखेकडं बघितलं. मला वाटलं नवी तलंग आणली असेल. काखेत काही नव्हतं. टोपलीही नव्हती.

आप्पा दारात आले. "कोंबडी न्हाय आता, आक्का."

"म्हाईत हाय. मी कोंबडीसाटी आले म्हनून तुला कुनी सांगितलं?"

असं म्हणून तिनं चपला काढल्या, भावाला बाजूला सारलं आणि उंबरा ओलांडून आत गेली. आप्पा तसेच उभे राहिले. मग खिळ्याची दोरी सोडून त्यांनी दोनदा ओढली.