नमुना क्रमांक सतरा

टॉफी कारकूनबाईंनी दिली होती, आणि ती नको म्हणणं तक्रारसाहेबांना जमलं नाही. बाईंच्या मुलीला नोकरी लागली होती. "साहेब, तोंड गोड करा," म्हणून त्या टेबलासमोर उभ्याच राहिल्या. साहेबांनी टॉफी उजव्या गालात ठेवली, दोनदा चघळली, तिसऱ्यांदा ती आपली आपण डावीकडे गेली, आणि बाई पाठमोऱ्या होतात न होतात तोच साहेबांच्या तोंडात काहीतरी सुटलं.

'तक्रारसाहेब' हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. मिक्सर बनवणाऱ्या त्या कंपनीत गेली एकोणीस वर्षं ते लोकांच्या तक्रारी ऐकत होते, त्यामुळे खरं नाव फक्त पगारपत्रकापुरतं उरलं होतं. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या डावीकडच्या खालच्या तीन दाढा गेल्या. बायकोने वर्षभर मागे लागून त्यांना दातांच्या डॉक्टरकडे पाठवलं. ही डॉक्टर म्हणजे बायकोच्या सख्ख्या बहिणीची मुलगी. तिने जबड्याच्या हाडात दोन स्क्रू बसवले, त्याला इम्प्लांट म्हणतात, आणि हाड धरेपर्यंत चार महिने थांबून त्यावर प्लॅस्टिकच्या तीन जोडलेल्या दाढांचा एक तात्पुरता ब्रिज चिकटवला. पक्का ब्रिज तयार होऊन यायला अजून तीन आठवडे होते.

हे सगळं सुरळीत झालं असं वाटत असेल, तर झालं नव्हतं. पहिली सुई टोचताना साहेब असे ओरडले होते, की बाहेर बसलेले दोन पेशंट चपला घालून मुकाट्याने घरी गेले. ही बातमी संध्याकाळपर्यंत सासुरवाडीला पोचली आणि रात्री सासूबाईंनी फोन करून जावईबापूंची चौकशी केली. त्या दिवशी साहेबांनी मनाशी ठरवलं, आता काही होवो, पुन्हा सुई नाही. म्हणूनच चार दिवसांपासून ब्रिज थोडा हलतोय हे जाणवूनही ते मूग गिळून गप्प होते.

आता तो ब्रिज टॉफीत रुतून त्यांच्या तळहातावर आला होता. साहेबांनी इकडे तिकडे बघितलं, टॉफी सोडवली, ब्रिज पुसून एका कागदावर ठेवला आणि फोन घेऊन जिन्यात गेले. डॉक्टर भाची पेशंटमधून मोकळी होऊन फोनवर यायला वीस मिनिटं गेली. दाताचं प्रकरण त्यांनी ऑफिसात कोणालाही कळू दिलं नव्हतं. कळलं असतं तर एकोणीस वर्षांचं नाव जाऊन नवं काय चिकटलं असतं, याची कल्पनाच केलेली बरी.

"काका, घाबरू नका," भाची म्हणाली. "सहाच्या आत तो घेऊन या, मी परत चिकटवते. पण आजच या हं. उद्यापासून पंधरा दिवस मी गावाला चाललेय."

"आणि समजा, पंधरा दिवसांनी आलो तर?"

"तोवर हिरडी वर चढेल. मग सुई देऊन ती कापायची, परत मापं घ्यायची, परत सगळं."

'सुई' हा शब्द ऐकताच साहेबांनी फोन ठेवला. ते दोन-दोन पायऱ्या गाळत टेबलाशी आले. टेबल स्वच्छ होतं. कागद नव्हता, ब्रिज नव्हता, पेनसुद्धा सरळ रेषेत लावून ठेवलेलं होतं.

"बाई! इथला तो... इथं एक वस्तू होती."

"हो ना," बाई अभिमानाने म्हणाल्या. "नमुना क्रमांक सतरा. पिशवीत घातला, चिठ्ठी लावली, खाली चाचणीला पाठवला. नंबर नसलेली वस्तू टेबलावर पाच मिनिटंसुद्धा राहता कामा नये, तुम्हीच नियम केलाय ना साहेब? चिठ्ठीवर काय लिहावं कळेना, म्हणून लिहिलं, प्लॅस्टिकचा भाग, मॉडेल अज्ञात."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. हा नियम त्यांनी सहा वर्षांपूर्वी केला होता, आणि तो पाळला नाही म्हणून याच बाईंना दोनदा लेखी समज दिली होती.

चाचणी विभाग तळमजल्यावर होता आणि तिथे फौजदार बसत. तेही नाव नव्हे. चेहराच तसा होता. लोकांनी पाठवलेला प्रत्येक मोडका भाग ते उकळून, आपटून आणि शेवटी यंत्रात दाबून बघत, आणि नेहमी दोष वापरणाऱ्याचा काढत. साहेब धापा टाकत पोचले तेव्हा पिशवी रिकामी होती.

"सतरा नंबर परत द्या," साहेब म्हणाले. "चुकून आलाय."

"अर्ज?"

"कसला अर्ज?"

"नमुना परत मागण्याचा. कारण लेखी दिल्याशिवाय नमुना वर जाणार नाही. तुमचाच नियम." फौजदारांनी खणातून छापील कागद काढून पुढे सरकवला.

साहेबांनी कारणाच्या रकान्यात 'चुकून' असं लिहिलं. फौजदारांनी ते वाचलं आणि कागद परत दिला. "कोणी चुकून? कसं चुकून? ग्राहक कोण?"

"ग्राहक... ओळखीचा आहे."

"ओळखीच्यांसाठी वेगळा रकाना नाही." फौजदार आपल्या यंत्राकडे वळले. "आणि एवढी घाई कशाला? उकळून झालाय, आपटून झालाय. आता दाबायचं तेवढं राहिलंय. पाच मिनिटं थांबा."

यंत्राच्या दोन पोलादी जबड्यांमध्ये साहेबांच्या तीन दाढा होत्या. फौजदारांनी चाक फिरवायला सुरुवात केली. "वीस किलो. काही नाही. तीस. अजून काही नाही. वा! हे आपल्या पुरवठादाराचं प्लॅस्टिक नाही बरं का. त्याचं पंचविसाला बोंबलतं."

"बास झालं," साहेब क्षीण आवाजात म्हणाले.

"पस्तीस. चाळीस. कोणत्या कंपनीचं आहे हे? आपल्या मिक्सरच्या भांड्याखालच्या कपलरला असलं प्लॅस्टिक मिळालं, तर तुमच्या निम्म्या तक्रारी बंद होतील."

घड्याळात सव्वापाच झाले होते. साहेबांच्या डोळ्यांसमोर ऑफिसातले सगळे चेहरे आले, मग सासूबाई आल्या आणि शेवटी ती लांब सुई आली. सुईपुढे बाकीचं काही टिकलं नाही.

"अहो, माझे दात आहेत ते!" साहेब ओरडले.

फौजदारांचा हात थांबला. पण चाक थोडं पुढे गेलंच होतं आणि यंत्रातून 'कट्' असा बारीक आवाज आला.

फौजदारांनी दाब काढला, ब्रिज चिमट्याने उचलला आणि दिव्याखाली धरला. मधल्या दाढेला उभा तडा गेला होता. साहेबांनी मान खाली घातली. आता हा माणूस हसणार, मग वर जाऊन सगळ्यांना सांगणार, याची ते वाट बघत राहिले.

फौजदार हसले नाहीत. ते दरवाज्यापर्यंत गेले, बाहेर कोणी नाही ना ते बघितलं आणि दार लोटून घेतलं.

"दुखतं का हो?" त्यांनी हळूच विचारलं.

"काय?"

"हे बसवताना. दुखतं का?" फौजदारांनी आपला उजवा गाल बोटाने बाजूला ओढला. आत मागच्या बाजूला रिकामं मैदान होतं. "सहा वर्षं झाली. एकाच बाजूने जेवतोय. मुलगी रोज म्हणते, बाबा, चला डॉक्टरकडे. मी म्हणतो, वेळ नाही. वेळ आहे हो. धीर नाही."

तक्रारसाहेबांनी समोरच्या माणसाकडे बघितलं. मग त्याच्या हातातल्या चिमट्याकडे बघितलं. खरं सांगितलं तर अर्ज, ग्राहक आणि रकाने पुन्हा सुरू होणार आणि सहा वाजून जाणार. "मुळीच दुखत नाही," ते ठामपणे म्हणाले. "कळतसुद्धा नाही."

"खरंच?"

"अगदी मुंगी चावल्यासारखं. तेही लहान मुंगी."

फौजदारांनी अर्ज ओढून घेतला, कारणाच्या रकान्यात 'वापरणाऱ्याचा दोष नाही' असं लिहून सही केली आणि टोपी उचलली. "चला, मीही येतो. मला प्रत्यक्ष बघायचंय. न बघता मी कशावरच विश्वास ठेवत नाही, तुम्हाला माहितीच आहे."

सहाला दहा मिनिटं कमी असताना दोघं दवाखान्यात पोचले. भाचीने तडा गेलेला ब्रिज उलटसुलट करून बघितला. "काका, तुम्ही याच्यावर उभे राहिला होता का?"

"मोठी गोष्ट आहे. नंतर सांगतो."

"हा काही लावता येणार नाही. मी नवीन तात्पुरता बनवून देते, अर्ध्या तासाचं काम आहे." साहेबांच्या जिवात जीव आला. तिने छोटा आरसा त्यांच्या तोंडात घातला आणि म्हणाली, "पण हे काय? हिरडी चांगलीच सुजलीय की. ब्रिज बरेच दिवस हलत असणार. खाली अन्न अडकलंय. हे साफ केल्याशिवाय मापच घेता येणार नाही. सुई द्यावी लागेल."

ज्या सुईसाठी त्यांनी चार दिवस तोंड मिटलं होतं, ती सुई तोंड मिटल्यामुळेच समोर आली होती. त्यांना उठून पळावंसं वाटलं आणि खुर्चीवरून त्यांचा एक पाय खालीही आला होता.

तेवढ्यात त्यांना फौजदार दिसले. ते खुर्चीच्या पायथ्याशी हाताची घडी घालून उभे होते. कपाळावर घामाचे थेंब होते, ओठ घट्ट मिटलेले होते आणि नजर सुईवर खिळली होती. साहेब आता ओरडले, तर हा माणूस त्या दारातून बाहेर जाईल आणि मरेपर्यंत एका बाजूने जेवत राहील, हे साहेबांना लख्ख कळलं. त्यांनी खाली आलेला पाय परत वर घेतला.

"काका, ओरडायचं तर ओरडा बरं का," भाची म्हणाली. "आज बाहेर कोणी नाहीये."

सुई आत गेली. दुखलं. पहिल्या वेळेइतकंच दुखलं, कदाचित कणभर जास्तच. साहेबांनी खुर्चीचे दोन्ही हात आवळले, छताकडे बघितलं आणि तोंडातून चकार शब्द काढला नाही. डाव्या डोळ्यातून पाण्याची एक धार निघाली आणि कानात शिरली.

"काका, आवाजसुद्धा नाही?" भाची चकित झाली. "थांबा, आत्ताच्या आत्ता मावशीला कळवते."

नवा ब्रिज बसेपर्यंत फौजदार जागचे हलले नाहीत. भाची हात धुवायला वळली तेव्हा ते साहेबांच्या कानाशी वाकले.

"दुखलं ना?"

साहेबांचा अर्धा चेहरा अजून बधिर होता. "हो," ते कसेबसे म्हणाले. "बरंच."

"म्हणजे मघाशी खोटं बोललात."

"साफ खोटं."

"मग आत्ता ओरडला का नाहीत?"

"तुम्ही बघत होतात ना."

फौजदारांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि टोपी खुंटीला अडकवली.

"उतरा खाली," ते म्हणाले. "आणि इथं उभे राहा, मी उभा होतो तिथं." खुर्चीत बसून त्यांनी डोळे घट्ट मिटले, पण लगेच उघडून पुन्हा साहेब जागेवर असल्याची खात्री करून घेतली. "डॉक्टर, माझ्या दाढा बघा. आणि काहीही झालं तरी यांना बाहेर पाठवू नका."